मोम्बासा शहरदर्शन: सकाळ पैसे वसूल, दुपार कंपनीच्या सोयीची

आधी पैशाचं सांगतो, कारण बेळगावचा माणूस पहिलं तेच विचारणार. केनियातल्या मोम्बासा शहराची दिवसभराची सहल, माणशी ६० डॉलर. त्यात गाडी, ड्रायव्हर, गाईड, किल्ल्याचं तिकीट, दुपारचं जेवण आणि पाणी. आम्ही तिघं होतो, मी, बायको आणि काकू. म्हणजे एका दिवसात पंधरा हजारांच्या वर गेले. एवढ्यात गोव्याला सगळं घर दोन रात्री राहून येतं, हे काकूंनी गाडीत बसायच्या आधीच ऐकवलं. संध्याकाळी माझा हिशेब असा झाला की निम्मे पैसे पूर्ण वसूल, आणि निम्मे गेले ते गेलेच. गाईडला पैकीच्या पैकी, कंपनीला पासापुरते.

माझी चुलत बहीण मोम्बासात असते. दाजी तिथं एका कंटेनर डेपोत नोकरीला आहेत. काकूंना लेकीकडं पोचवायला म्हणून आम्ही दोघं बरोबर गेलो. दाजींना आणि बहिणीला आठवड्यात सुट्टी मिळेना, म्हणून त्यांनीच ही सहल ठरवून दिली. कंपनीचं नाव लिहीत नाही. तशा तिथं बऱ्याच आहेत, आणि सगळ्यांचा कार्यक्रम साधारण असाच असतो असं दाजी म्हणाले.

गाडी आठला यायची ती पाऊण तास उशिरा आली. आपल्याला हे मोठं वाटत नाही, पण मोम्बासात वाटतं. विषुववृत्ताच्या जरा खाली, किनाऱ्याला लागून, चारी बाजूंनी पाणी असलेलं बेट. दहा वाजले की अंगाला घामाचा चिकटा बसतो तो संध्याकाळपर्यंत सुटत नाही. तिथला किल्ला, फोर्ट जीझस, आठला उघडतो. आठला आत असणारा माणूस सावलीसावलीनं बघून घेतो. आम्ही उन्हात बघितला.

गाईड मात्र पहिल्या पाच मिनिटांत आवडला. पन्नाशी ओलांडलेला, डोक्याला बारीक नक्षीची पांढरी टोपी, काखेत छत्री. जन्म जुन्या गावातलाच. आमच्याशी इंग्रजी आणि मोडकं हिंदी, ड्रायव्हरशी स्वाहिली, रस्त्यात भेटलेल्या एका दुकानदाराशी चक्क गुजराती. बायकोनं त्याला सरळ विचारलं, "भाषण करणार का नुसतं दाखवणार?" तो म्हणाला, तुम्ही विचाराल तेवढंच सांगतो. आणि शब्द पाळला त्यानं. पाठ केलेली टेप लावणारे गाईड मी हंपीलाही बघितलेत, विजापूरलाही. मध्ये प्रश्न विचारला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. हा तसला नव्हता.

फोर्ट जीझस म्हणजे मोम्बासाचं सगळ्यात मोठं आकर्षण. पोर्तुगिजांनी १५९३ ला काम काढलं आणि १५९६ ला किल्ला उभा केला. आराखडा जिओव्हान्नी बातिस्ता कैराती या इटालियनाचा. हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज तटबंद्यांचं काम तोच बघायचा. २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. हे सगळं फलकावर वाचायला मिळतं. गाईडचा उपयोग त्याच्या पुढं सुरू होतो.

माझं बेळगावच्या उद्यमबागेत लहानसं मशीन शॉप आहे, शेजारी भावाची ओतकामाची फौंड्री. त्यामुळं माझं लक्ष आधी भिंतीकडं गेलं. दगड प्रवाळाचा. जवळून बघितला तर हवा अडकून ब्लोहोल आलेल्या कास्टिंगसारखा, सगळीकडं बारीक भोकं. असला माल आमच्याकडं गिऱ्हाईक परत पाठवतं, आणि इथं चारशे वर्षं उभा आहे. मी गाईडला विचारलं, दगड आणला कुठून? तो हसला आणि पायाखाली बोट दाखवलं. किल्ला प्रवाळाच्या कातळावर आहे, खालचा कातळच तासून भिंतीत मिळवलाय. कातळ कुठं संपतो आणि बांधकाम कुठं सुरू होतं, ते त्यानं हात फिरवून दाखवलं. एरवी मला दिसलंही नसतं.

मग त्यानं एक गंमत केली. काकूंना तटाच्या पायथ्याशी भिंतीला टेकून उभं केलं आणि मला वर बुरुजावर नेलं. "आता तुमच्या काकू शत्रू. दिसतात का बघा." मला समोरून दिसेनात, पण शेजारच्या बुरुजाच्या बाजूनं डोकावलं तर पदरासकट दिसल्या. चार कोपऱ्यांना चार बुरुज असे बाहेर काढलेत की तटाचा कुठलाही पाया कुठल्या ना कुठल्या बुरुजावरच्या तोफेच्या माऱ्यात येतोच. लपायला कोपरा म्हणून नाही. आपले डोंगरी किल्ले उंचीच्या जोरावर लढतात. इथं डोंगर नाही, म्हणून सगळा जोर कोनावर. खालनं काकू ओरडल्या, "झालं का रे बघून? ऊन लागालंय!"

पाण्याचा प्रश्न काकूंनीच काढला. खानापूर तालुक्यातल्या, विहिरी आटलेल्या बघितलेल्या बाईला किल्ला म्हटला की पहिलं पाणी आठवतं. गाईडनं पावसाचं पाणी साठवायचा हौद दाखवला आणि तिथनंच वेढ्याची गोष्ट सुरू केली. मार्च १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी किल्ला वेढला तो डिसेंबर १६९८ पर्यंत. पावणेतीन वर्षं. आत पोर्तुगीज, त्यांच्या बाजूनं लढणारे स्थानिक लोक, बायकापोरं. लढाईपेक्षा रोगराईनं जास्त मेले. मदत कुठनं यायची? गोव्याहून. शेवटची तुकडी पोचली तेव्हा किल्ल्यावर ओमानचं निशाण लागून काही दिवस झाले होते. बघितलं आणि जहाजं माघारी.

त्याच्याही आधीची गोष्ट मला जास्त भारी वाटली. मोम्बासाच्या सुलतानाचा पोरगा, यूसुफ. बापाला पोर्तुगिजांनी संपवलं आणि पोराला गोव्याला नेऊन वाढवलं, बाप्तिस्मा देऊन दों जेरोनिमो केलं. आपला माणूस म्हणून परत मोम्बासाच्या गादीवर बसवलं. १६३१ मध्ये त्यानं किल्ल्याच्या कप्तानाला मारलं आणि किल्ला घेतला. काकू हे ऐकून थांबल्या. "गोव्यात शिकवून पाठवला आणि त्यानंच मारला?" मग थोड्या वेळानं, "मारणारच की. बापाचं विसरतंय का कोण?" गाईडला हे मी इंग्रजीत सांगितलं तर तो म्हणाला, तुमच्या काकूंना इतिहास कळतो.

आता संग्रहालय. इथं आमचा अर्धा तास ठरलेला, लागला सव्वा तास, आणि गाईडनं एकदाही घड्याळ बघितलं नाही. तिथं बुडालेल्या एका जहाजातल्या वस्तू ठेवल्यात. जहाजाचं नाव सांतु आंतोनियु दे ताना. याच वेढ्याच्या वेळी गोव्याहून मदत घेऊन आलेलं, १६९७ मध्ये किल्ल्याच्या समोरच बुडालं. १९७७ पासून पाणबुड्या शास्त्रज्ञांनी काही वर्षं खाली जाऊन वस्तू वर काढल्या. फलक वाचताना मी अडखळलो. जहाज बांधलं बासाईनला. म्हणजे आपल्या वसईला. आणि नावातला सांतु आंतोनियु म्हणजे सेंट अँथनी, ताना म्हणजे ठाणे. बायकोला हाक मारली, तिनंही वाचलं, आणि आम्ही दोघं ठाण्याच्या सेंट अँथनीसमोर आफ्रिकेत उभे.

गाईडला बासाईन ठाऊक होतं, पण ते मुंबईच्या अंगाला कुठंतरी, इतकंच. मी त्याला मोबाईलवर नकाशा काढून दाखवला. वसईचा किल्ला, ठाण्याची खाडी. आणि पुढचंही सांगितलं, की १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, म्हणजे पोर्तुगिजांच्या हातून मोम्बासा गेलं त्यानंतर ४१ वर्षांनी. मधल्या काळात १७२८ ला त्यांनी मोम्बासा एकदा परत मिळवलं होतं, पण वर्षभरात पुन्हा घालवलं. ही दुरुस्ती त्यानं मला केली. खिशातनं वही काढून त्यानं चिमाजी अप्पांचं नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं. पुढच्या मराठी पाहुण्यांना तो हे सांगेल, याची मला खात्री आहे. साठ डॉलरमधले तीस तिथंच वसूल झाले असं मी धरतो.

एवढं एक सांगतो, ब्रिटिशांनी १८९५ पासून या किल्ल्याचा तुरुंग केला होता, १९५८ पर्यंत. त्या खोल्या बघायला बहुतेक लोक जातच नाहीत. जा.

किल्ल्याला लागूनच जुनं गाव. इथं गाडी नको, पायी. गल्ल्या अरुंद, वर लाकडी सज्जे, खाली कोरीव दारं. काही दारांची नक्षी सरळ हिंदुस्थानी कारागिरीची. बंदरात पूर्वी धाव म्हणतात ती शिडाची जहाजं भरायची. डिसेंबरपासून ईशान्येचा वारा सुटला की अरबस्तानातनं, कच्छमधनं, आपल्या किनाऱ्यावरनं इकडं यायची, आणि एप्रिलनंतर वारा फिरला की परत. वाऱ्याच्या भरवशावरचं टाईमटेबल. आता जुन्या बंदरात तुरळकच दिसतात. तिथं गाईडनं कॅमेरा आत ठेवायला सांगितला. गल्लीतल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत, हेही त्यानं आधीच सांगून ठेवलेलं. मला हे आवडलं. पाहुण्यांच्या हौसेपायी शेजाऱ्यांशी वाकडं घ्यायला तो तयार नव्हता.

मांध्री मशीद बाहेरनं बघितली, १५७० ची म्हणतात, म्हणजे किल्ल्याच्याही आधीची. तिच्या जवळ एक म्हातारा कोळशावरच्या पितळी किटलीतनं कॉफी ओतत होता. आल्याची, बिनदुधाची, कप अंगठ्याएवढा. सोबत शेंगदाण्याची चौकोनी वडी. काकूंनी वडी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "गूळ नाही रे, साखर घातलीया." दुसरी मागून घेतली.

पुढं बिअशारा स्ट्रीट, कापडाची पेठ. इथं कांगा मिळतात, सुती छापील कापड, जोडीनं विकतात आणि प्रत्येकावर स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते. बायकोनं दुकानदाराला प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला आणि सासूला द्यायला कुठली चालणार नाही ते बाजूला काढलं. भाव ठरलेले होते, घासाघीस फारशी नाही. मसाल्याच्या बाजारात मात्र सांभाळा. रंगीत ढीग बघून हात शिवशिवतो, पण दोन पावलांवर सांगली असणाऱ्यानं आफ्रिकेतनं हळद आणायची काय गरज? लवंग चांगली होती, ती घेतली.

जेवण ठरलेल्या पैशातलं. साध्या हॉटेलात नेलं, पंखे फिरतायत, मालक गल्ल्यावर. मला मासा आणि नारळाच्या दुधातला भात. काकू शाकाहारी, म्हणून पिशवीत शेंगा चटणीचा डबा होताच. पण गाईडनं आत जाऊन सांगून ठेवलं होतं: नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे, राजम्याची पातळ आमटी, माठाची परतलेली भाजी आणि चपाती. चपाती आपल्यापेक्षा जाड, थरांची, तेलातली. काकूंनी डबा उघडला नाही. तुरीचं पुन्हा वाढून घेतलं आणि "खोबरं जास्त हाय, पण चव हाय" असा निकाल दिला. त्यांच्याकडनं एवढं म्हणजे प्रमाणपत्र आहे.

इथंवर सगळं उत्तम. जेवणानंतर कार्यक्रम कंपनीच्या हातात गेला.

मोई अव्हेन्यूवरचे हत्तीचे सुळे: रस्त्यावर कमानीसारखे, इंग्रजी एम अक्षर होतं त्यांचं. ब्रिटिश राजघराण्याच्या भेटीसाठी १९५० च्या दशकात उभारलेले. लोकांना हस्तिदंत वाटतं. मी बोटानं वाजवून बघितलं, ॲल्युमिनियमचा पत्रा. फोटो काढायला पाच मिनिटं पुष्कळ. आम्हाला गाडी लावायला जागा शोधण्यातच वीस गेली.

मग कोरीव लाकडाच्या दुकानात. यादीत याला कारखाना भेट लिहिलं होतं. आत चार माणसं लाकूड तासत बसलेली आणि बाकी सगळं काउंटर. जिराफ, मुखवटे, मण्यांच्या माळा. पहिला भाव सांगितला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला शेवटी द्यायला तयार. पाऊण तास तिथं घालवला. ड्रायव्हर बाहेर पावती घेताना दिसला, आता ती कसली ते मी सांगायला नको. गाईड आत आलाच नाही, झाडाखाली बसून राहिला. त्याला तोंड दाखवायला लाज वाटत असावी असं बायकोचं म्हणणं.

लिकोनीची फेरी यादीत का आहे हे मला अजून कळलेलं नाही. बेटावरनं दक्षिण किनाऱ्याला नेणारी बोट, गाड्यांना पैसे, चालणाऱ्यांना फुकट. पलीकडं गेलो, उतरलो, परत चढलो. हजारो माणसं, सायकली, कोंबड्या, शाळेची पोरं. काकूंना मात्र दिवसातलं हेच सगळ्यात आवडलं, कारण फुकट. तास गेला.

रेल्वेबद्दल गाडीतनं जाताजाता गाईडनं सांगितलं ते खरं तर थांबून ऐकण्यासारखं होतं. १८९६ मध्ये मोम्बासापासून रूळ टाकायला सुरुवात झाली, १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोचले, आणि त्यासाठी हिंदुस्थानातनं तीस हजारांवर मजूर नेले. अडीच हजारांच्या आसपास माणसं त्यात मेली. लाईन मीटरगेज टाकली, कारण माल आणि माणसं दोन्ही आपल्याकडची. आमची मिरज–लोंढा लाईनही ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेजच होती, त्यामुळं मला जुन्या स्टेशनात पाच मिनिटं उतरायचं होतं. ड्रायव्हर म्हणाला यादीत नाही. नैरोबीची नवी स्टँडर्डगेज गाडी २०१७ पासून वेगळ्याच स्टेशनातनं सुटते. आम्ही तिनंच आलो होतो, आणि ती मस्त आहे.

शेवटी मामा न्गिना बागेत, समुद्राकाठी. इथं जुन्या गोरखचिंचा आहेत, खोड असं की चार माणसांच्या कवेत येत नाही. कर्नाटकातल्या सावनूरच्या तीन गोरखचिंचा बघितलेल्या माणसाला नाव नवीन नाही, पण इथं रांगेनं उभ्या आहेत आणि त्यांच्या बिया साखरेत घोळवून, लाल रंग लावून पुड्यात विकतात. काकूंची जीभ रात्रीपर्यंत लाल. कसाव्याचे काप, वर तिखट आणि लिंबू, तेही खा. शहाळं प्या. इथं यायला गाडीची आणि गाईडची गरज नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. केनियाला आता व्हिसा नाही, जानेवारी २०२४ पासून निघायच्या आधी ऑनलाईन परवानगी काढायची. पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, लसीचं पिवळं कार्ड जपून ठेवा. परतताना आपल्या विमानतळावर बघतात, नसेल तर वेगळं ठेवू शकतात. आम्ही गोव्याला जाऊन घेतली. लेकीला मिठाई म्हणून कुंदा नेत असाल तर प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेतनं नेऊ नका. तिथं २०१७ पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे, दंड जबर. आमचा कुंदा स्टीलच्या डब्यात आणि कापडी पिशवीत गेला. पैसे सगळे एम-पेसावर, म्हणजे तिथल्या मोबाईलवरनं पैसे द्यायच्या सोयीवर चालतात, टपरीवरची कॉफीसुद्धा. आपलं यूपीआय तिथं कामाचं नाही, म्हणून थोडी रोकड शिलिंगमध्ये ठेवा. गाईडची बक्षिसी त्याच्याच हातात द्या, ड्रायव्हरकडं किंवा कंपनीकडं नको.

दाजींनी नंतर त्या गाईडला फोन लावून विचारलं. तो कंपनी सोडून स्वतःचंही काम घेतो: फक्त सकाळ, किल्ला आणि जुनं गाव, सगळं पायी, माणशी ३० डॉलर, किल्ल्याचं तिकीट आणि जेवण आपलं आपण. असले गाईड किल्ल्याच्या दाराशी आणखीही भेटतात. ओळखपत्र बघून घ्या आणि एक-दोन आडवे प्रश्न विचारून बघा, पाठांतर असेल तर लगेच कळतं. घरातनं टुकटुक, म्हणजे रिक्षा करा, तिथं त्या बऱ्याच बजाजच्याच आहेत, आणि भाडं बसायच्या आधी ठरवा. आठला दारात हजर राहा. शुक्रवार टाळा, दुपारच्या नमाजाच्या वेळी जुन्या गावातली बरीच दुकानं बंद असतात.